दळण, कापड आणि कुऱ्हाड : कष्टाच्या गाण्यांची ओळख

(एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला)

गाणे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. व्यासपीठ, पेटी-तबला, ध्वनिक्षेपक आणि समोर बसलेले श्रोते. गाणारा एक आणि ऐकणारे अनेक. आपल्या स्नेहसंमेलनातील गायनस्पर्धेतही हीच मांडणी असते. परंतु जगात अशीही गाणी शेकडो वर्षे म्हटली गेली आहेत, की ज्यांना श्रोताच नव्हता. आसपासची सगळी माणसे कामात गुंतलेली असत आणि गाणे हा त्या कामाचाच एक भाग असे. अशा गाण्यांची थोडी ओळख करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे. विषय फार मोठा आहे आणि माझा आवाका लहान, म्हणून मी तीनच उदाहरणे घेतली आहेत. एक आपल्या महाराष्ट्रातील, दुसरे स्कॉटलंडच्या बेटांवरील आणि तिसरे अमेरिकेच्या दक्षिण भागातील.

या विषयाकडे मी वळले ती एका गृहपाठामुळे. लोकसाहित्याच्या तासाला सरांनी प्रत्येकाला आपापल्या गावाहून दहा ओव्या मिळवून आणायला सांगितले होते. मी आमच्या घरातली कॉलेजात आलेली पहिलीच मुलगी. पुस्तकातला अभ्यास घरी कुणाला विचारावा अशी सोय मला कधी नव्हती. हा अभ्यास मात्र घरातच होता, म्हणून मला आनंद झाला. दिवाळीच्या सुट्टीत मी वही घेऊन आजीपुढे बसले आणि म्हटले, "आजी, जात्यावरची गाणी सांग." आजी म्हणाली, "मला कुठलं गं गाणं येतंय? गाणं रेडूवरच्या बाया म्हणत्यात. आमचं आपलं दळाण." फार आग्रह केला तेव्हा तिने दोन ओव्या सांगितल्या. तिसरी अर्ध्यावर अडकली. शब्द आठवेनात.

तिसऱ्या दिवशी हरभरे भरडायचे होते. गिरणीत डाळ नीट होत नाही असे तिचे मत आहे. पडवीत पालथे पडलेले जाते तिने पुसून घेतले, खुंटा ठोकला, आणि पहिला फेरा फिरतो न फिरतो तोच तिच्या तोंडून ओवी आली. मग दुसरी, तिसरी. माझा हात चालेना. डाळ संपेपर्यंत त्रेचाळीस ओव्या झाल्या. मी म्हटले, "अजून म्हण ना." ती पीठ झटकत म्हणाली, "आता काय? दळाण सरलं की."

जी बाई दोन दिवस तिसरी ओवी आठवू शकली नाही, तिला जात्यावर हात ठेवताच त्रेचाळीस कशा आठवल्या? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी ग्रंथालयात पुष्कळ वाचले आणि मोबाईलवर दूरदूरची गाणीही ऐकली.

कार्ल ब्यूशर नावाच्या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने १८९६ साली श्रम आणि लय यांच्या संबंधावर एक ग्रंथ लिहिला. निरनिराळ्या देशांतील श्रमगीते त्याने त्यात एकत्र केली. श्रम करताना शरीर आपोआप एक लय धरते, त्या लयीने थकवा कमी होतो, आणि त्या लयीतूनच संगीत व काव्य जन्माला आले, असा त्याचा सिद्धान्त होता. सगळे संगीत श्रमातूनच निघाले हे त्याचे म्हणणे पुढच्या अभ्यासकांनी जसेच्या तसे मान्य केले नाही. अंगाई, मंत्र, रणगीते यांचा उगम केवळ श्रमात सापडत नाही. तथापि लय ही आधी अंगात असते आणि मग गळ्यात येते, हा त्याचा मुद्दा मला आजीच्या जात्यापाशी पटला. आजीची स्मरणशक्ती तिच्या मनगटात होती.

जाते आणि ओवी

ओवी किती जुनी आहे? कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर (तिसरा) याच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात, म्हणजे बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात, महाराष्ट्रातील स्त्रिया धान्य कांडताना ओवी गातात असा उल्लेख येतो. ज्ञानेश्वरी लिहिली गेली १२९० साली. तेव्हा ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ सांगण्यासाठी जो छंद निवडला, तो त्याआधीच बायकांच्या तोंडी रुळलेला होता. शाळेत आपण ग्रंथातील ओवीचे साडेतीन चरण शिकतो; पण तिची ही थोरली बहीण मुसळाशी आणि जात्याशी बसलेली आहे, हे आपल्या लक्षात राहत नाही. जनाबाईबरोबर विठ्ठल दळू लागला या कथेतही मला हीच गोष्ट दिसते. आपल्या लोकांनी देवाची कल्पना केली, तीसुद्धा दळणात हात देणारा म्हणून केली.

जात्यावर एक बाई बसते, फार तर दोघी समोरासमोर. उजव्या हाताने खुंटा फिरवायचा, डाव्या हाताने मुठीमुठीने धान्य घालायचे. हे काम गोल आणि अखंड आहे. त्यात ठोका नाही, ओढ आहे. म्हणून ओवीची चालही ठोक्याची नसून लांबवलेली, घरघरीत मिसळून जाणारी असते. मधूनमधून येणारे 'बाई', 'गं' हे शब्द अर्थासाठी नसतात, फेरा पुरा करण्यासाठी असतात. दळण किती वेळ चालेल हे धान्यावर अवलंबून, म्हणून ओवी एकेकटी पूर्ण असते; पायली असेल तर थोड्या म्हणाव्या, दोन पायल्या असतील तर आणखी जोडाव्या.

आणि विषय? देव, आईबाप, माहेरची वाट, भाऊ, लेकरू, सासूचा जाच, नवऱ्याचा राग. दिवसा जे कोणापुढे बोलायचे नाही, ते पहाटे जात्यापुढे बोलायचे. ऐकणारा कोणी नाही म्हणूनच हे बोलता येत होते.

हेब्रिडीज बेटांवरील कापड

स्कॉटलंडच्या पश्चिमेला समुद्रात हेब्रिडीज नावाची बेटे आहेत. वारा आणि पाऊस तिथे वर्षभर असतो. तिथल्या लोकांची भाषा गेलिक. इंग्रजीपेक्षा ती अगदी वेगळी. १८७२ च्या स्कॉटलंडच्या शिक्षण कायद्यात या भाषेसाठी काहीच तरतूद नव्हती, त्यामुळे घरात एक भाषा आणि शाळेत दुसरी अशी तिथल्या मुलांची स्थिती झाली. घरची बोली आणि पुस्तकातील भाषा यांमधले अंतर ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

त्या बेटांवर मेंढीच्या लोकरीचे कापड घरोघरी हातमागावर विणले जाई. मागावरून उतरलेले कापड सैल आणि विरळ असे. ते आटवून दाट केल्याशिवाय त्यातून वारा-पाऊस अडत नसे. त्यासाठी ते साठवलेल्या शिळ्या मूत्रात भिजवत. त्यातील अमोनियाने लोकरीचा तेलकटपणा जाई. मग गावातल्या आठदहा बायका एका लांब फळीभोवती समोरासमोर बसत. पुष्कळदा ही फळी म्हणजे घराचे काढून ठेवलेले दारच असे. ओले कापड फळीवर आपटायचे, चोळायचे आणि शेजारणीकडे सरकवायचे. सूर्य ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने ते सरकले पाहिजे असा दंडक होता. मधूनमधून एखादी जाणती बाई बोटाने कापडाची रुंदी मोजून किती आटले ते पाही.

या कामाला गाण्याशिवाय सुरुवातच होत नसे. दहा बायकांचे वीस हात एकाच क्षणी फळीवर पडले पाहिजेत. नाहीतर कापड एकीकडे दाट, एकीकडे विरळ होणार. म्हणून एकीने ओळ म्हणायची आणि सगळ्यांनी मिळून पालुपद उचलायचे. या पालुपदातील अक्षरांना बहुधा काहीच अर्थ नसतो. ते केवळ नाद असतात, आपल्या ओवीतल्या 'गं बाई'सारखे. एका बैठकीत तेच गाणे पुन्हा म्हणणे अशुभ मानत, त्यामुळे बायकांना गाणी पुष्कळ पाठ असावी लागत. विषय म्हणाल तर बुडालेला प्रियकर, युद्धात मारला गेलेला भाऊ, फसवून गेलेला पुरुष, आणि गावातल्या तरुण पोरींची थट्टा. पुरुषांना त्या खोलीत मज्जाव असे. पुरुष नाहीत, म्हणून बायका मोकळ्या. जात्याजवळची पहाट आणि त्या फळीभोवतीची संध्याकाळ यांत मला फार फरक वाटत नाही.

कुऱ्हाडीचा ठेका

तिसरे उदाहरण मात्र वेगळ्या जातीचे आहे. तिथे माणसे स्वतःच्या घरासाठी राबत नव्हती.

अमेरिकेत गुलामगिरी १८६५ साली कायद्याने बंद झाली. पण ज्या घटनादुरुस्तीने ती बंद झाली, तिच्यातच गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीचे काम घेण्याची मुभा ठेवलेली होती. दक्षिणेकडील राज्यांनी तिचा पुरेपूर उपयोग केला. मिसिसिपी राज्यातील पार्चमन हा तुरुंग म्हणजे हजारो एकरांचा कापसाचा मळाच होता. कैदी बहुसंख्य काळे, पहारेकरी बंदूकधारी. जमीन साफ करणे, लाकूड तोडणे, कापूस वेचणे ही कामे सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चालत.

एकाच झाडाभोवती चौघे-पाचजण कुऱ्हाडी चालवत असले, की एकाची कुऱ्हाड दुसऱ्याला लागायचा धोका असतो. तिथे गाणे हे संरक्षण होते. म्होरक्या ओळ म्हणे, बाकीचे उत्तर देत, आणि ठरलेल्या मात्रेला सगळ्यांचे घाव एकदम पडत. गाण्याच्या ध्वनिमुद्रणात कुऱ्हाडीचा तो आवाज स्पष्ट ऐकू येतो. जणू तेच त्या गाण्याचे एकमेव वाद्य. दुसरा उपयोग याहून महत्त्वाचा. जो मागे पडे त्याला फटके बसत. सगळे एका लयीत असले की कोण दमला आहे हे पहारेकऱ्याला कळत नसे. चांगला म्होरक्या तो, जो अशक्त माणसाला झेपेल अशी लय धरतो. गोड गळ्यापेक्षा या जाणतेपणाला तिथे अधिक मान होता. आणि ज्या गोष्टी साहेबाच्या तोंडावर बोलल्या असत्या तर पाठीचे सालपट निघाले असते, त्या गाण्यातून उघड म्हणता येत होत्या.

ही तिन्ही उदाहरणे शेजारी ठेवली म्हणजे काही गोष्टी ध्यानात येतात. पहिली, कामाची घडण तशी गाण्याची घडण. जात्यावर एकटी, म्हणून ओवी एकटीची. फळीवर आणि झाडाभोवती घोळका, म्हणून एकाची ओळ आणि सर्वांचे उत्तर. दुसरी, काम लांबेल तितके लांबवता यावे अशी सोय या सर्व गाण्यांत आहे. तिसरी, आवाज कसा आहे याला इथे गौण स्थान आहे. काम नीट झाले की गाणे चांगले. आणि चौथी, गाणाऱ्यांपैकी बहुतेकांना आपण 'गायक' आहोत असे वाटतच नव्हते. माझ्या आजीचेही तेच.

काम गेले, मग गाण्याचे काय?

हेब्रिडीजमध्ये कापड दाट करण्याचे काम यंत्रांकडे गेले आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत फळीभोवतीच्या बैठका जवळजवळ थांबल्या. पार्चमन तुरुंगातील अमानुष पद्धतींविरुद्ध १९७२ साली न्यायालयाने निर्णय दिला. तुरुंगातील जुनी व्यवस्था बदलली, शेतीत यंत्रे आली आणि कुऱ्हाडीची गाणीही ओसरली. आमच्या गावात वीज आली, मागोमाग पिठाची गिरणी आली, आणि जाती पालथी झाली.

हळहळ वाटणे साहजिक आहे. मीही आजीला म्हणाले, "किती छान होतं गं तुमचं! गाणी म्हणत दळायचं." तिने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "घरात अकरा माणसं. पहाटं तीनला उठायचं. हाताला घट्टं पडायचं. पोटुशी असले तरी दळाण चुकलं न्हाई. गिरण आली त्या दिवशी मी नारळ फोडला." मी गप्प बसले. बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन वर्षांनी ती लग्न होऊन या घरात आली, तेव्हा सोळा वर्षांची होती. म्हणजे आज मी आहे त्याहून तीन वर्षांनी लहान. मी पहाटे तीनला उठत नाही, म्हणूनच रात्री अभ्यासाला बसू शकते. गिरणी आली नसती तर हा लेखही लिहिला गेला नसता. पार्चमनच्या कैद्यांची गाणी ऐकून कोणी ते दिवस परत यावेत असे म्हणेल काय? तेव्हा गाणे टिकावे असे म्हणताना ते कष्टही टिकावेत असा अर्थ त्यात डोकावू नये, ही काळजी आपण घेतली पाहिजे.

मग गाणे टिकते कसे? एक मार्ग लोकच काढतात. हेब्रिडीज आणि स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातून पुष्कळ लोक कॅनडातील केप ब्रेटन बेटावर जाऊन वसले. तिथे आजही लोक टेबलाभोवती बसून कापड आपटत ही गाणी म्हणतात, आणि त्यांत पुरुषही बसतात. कापड दाट करण्याची गरज उरलेली नाही. एकत्र बसण्याची आहे. आपल्याकडेही लग्नात घाणा भरताना जाते-मुसळ पुजले जाते आणि म्हाताऱ्या बायका ओव्या म्हणतात. दळण नावापुरते, ओवी मात्र खरी.

दुसरा मार्ग संग्राहकांचा. दक्षिण यूइस्ट बेटावर डोनाल्ड मॅकॉर्मिक यांनी १८९३ सालीच ही गाणी वहीत उतरवून ठेवली होती. पुढे मार्गारेट फे शॉ ही अमेरिकन बाई १९२९ मध्ये त्याच बेटावर गेली आणि दोन बहिणींच्या घरी सहा वर्षे राहून गाणी शिकली. तिचा संग्रह १९५५ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेत जॉन लोमॅक्स आणि त्यांचा मुलगा ॲलन यांनी १९३३ साली सुमारे १४० किलो वजनाचे ध्वनिमुद्रणयंत्र मोटारीत घालून तुरुंगामागून तुरुंग पालथे घातले. आपल्याकडे साने गुरुजींनी 'स्त्री जीवन'मध्ये ओव्या संग्रहित केल्या, सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या ग्रंथांतून मोठे काम केले. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी १९८० च्या दशकात पुण्याहून सुरू केलेल्या कामातून तर एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. त्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर बायकांनी रचलेल्या ओव्याही आहेत. यावरून ओवी ही केवळ जुनीपुराणी ठेव नव्हती, काळाबरोबर चालत होती, हे दिसते. २०१७ पासून हा संग्रह 'परी' या संकेतस्थळावर येऊ लागला आणि त्यात ओवीशेजारी ती म्हणणाऱ्या बाईचे नाव आणि गाव दिलेले असते.

हा शेवटचा तपशील मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्याचे कारण सांगून लेख पुरा करते.

१९५९ साली ॲलन लोमॅक्स यांनी पार्चमनमध्ये लाकूड तोडणाऱ्या कैद्यांचे एक गाणे ध्वनिमुद्रित केले. म्होरक्याचे नाव जेम्स कार्टर. पुढे एकेचाळीस वर्षांनी, २००० साली, एका गाजलेल्या अमेरिकन चित्रपटात ते वापरले गेले. चित्रपटाच्या गाण्यांची तबकडी लक्षावधींनी खपली आणि २००२ साली तिला ग्रॅमी पुरस्कारही मिळाला. गाणाऱ्याचे नाव मुद्रणाबरोबर नोंदलेले होते, म्हणून शोध घेता आला. कार्टर शिकागोमध्ये सापडला, म्हातारा झालेला. सुमारे वीस हजार डॉलरचा धनादेश त्याच्या हाती देण्यात आला. ते गाणे आपण म्हटल्याचे त्याला आठवतही नव्हते. पुढच्याच वर्षी, २००३ मध्ये, तो वारला.

हे वाचून झाल्यावर मी माझी ओव्यांची वही उघडली. पहिल्या पानावर विषय होता, वर्ग होता, हजेरी क्रमांक होता. 'संकलक' म्हणून माझे नाव वळणदार अक्षरात होते आणि खाली दुहेरी रेघ मारलेली होती. त्रेचाळीस ओव्या ज्या बाईने सांगितल्या तिचे नाव वहीत कुठेच नव्हते. 'मला कुठलं गाणं येतंय' असे आजी स्वतःला म्हणाली होती. मीही नकळत तेच लिहून ठेवले होते.

पुढच्या खेपेला घरी गेले तेव्हा माझ्या नावाच्या वर तिचे नाव लिहिले. माहेरचे गाव, सासरचे गाव आणि साल घातले. तिला वाचता येत नाही. कोणता शब्द तिचा ते मी बोटाने दाखवले. या अंकातही नाव छापू का म्हणून विचारले, तर "नगं बाई, गावात हसतील," म्हणाली. तिचा शब्द मी मानला आहे. वहीत मात्र ते आहे.

आपल्या महाविद्यालयात येणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरी पडवीत किंवा परसात एखादे जाते पालथे पडलेले असेल, आणि त्यावर बसलेली एखादी आजी अजून असेल. या सुट्टीत वही घेऊन जा. 'गाणे म्हण' असे सांगू नका, पायलीभर धान्य घेऊन तिच्यासमोर दळायला बसा. आणि लिहायला सुरुवात कराल तेव्हा पहिल्या ओळीत तिचे नाव लिहा.